तुडुमाजवळचा गाळ

आमच्या यंत्राला खैरबोडीची माणसं 'चुगलीन' म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, नाव अगदी बरोबर ठेवलं होतं. सरकारी भाषेत त्याचं नाव इतकं लांब, की मला स्वतःला ते एका दमात म्हणता येत नसे. काम मात्र चुगलीचंच. तलावाच्या तळातून गाळाची उभी कांडी काढायची, यंत्रात आडवी सरकवायची, की ते वरून खाली एकेका वर्षाची कुळकथा सांगत सुटायचं.

"काऊन वो हर्षाली," लांजेवार पाटलांनी पहिल्याच दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन विचारलं, "माह्या आजोबाची आंघोळ पण दिसते का ह्यात?"

"दिसते ना पाटील. साबण लावत नव्हते, तेही दिसते."

पाटील काठीवर हात ठेवून खो-खो हसले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण आवाज खणखणीत. कॉलनीच्या विरोधात गाव उभं केलं ते त्यांनीच.

कॉलनीचं असं होतं. नागपुरात उन्हाळा आता माणसाला राहू देत नाही. मार्च संपला की ज्याला परवडतं तो पाणी असेल तिथं पळतो. भंडारा-गोंदियाचे आमचे जुने तलाव त्यामुळे एकदम सोन्याच्या भावाचे झाले. खैरबोडीच्या तलावावरच्या माळावर एका कंपनीनं 'शीतलवन' नावाची बंगल्यांची वस्ती आखली. माळावरच्या झाडांखालची माती पावसाचं अर्धं पाणी पिऊन टाकायची. त्या जागी छपरं आणि डांबर आलं की सगळं पाणी सिमेंटच्या नाल्यांतून थेट तलावात. तलाव मावेल तेवढं घेणार, आणि पाळ फुटली तर खालचा टोला जाणार. खालचा टोला म्हणजे आमच्याच गावाची उतारावरची निम्मी वस्ती. माझं घरही तिथंच.

गावाचे प्रश्न साधे होते. नाल्या किती रुंद? दुसरा सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडायची वाट, काढणार की नाही? आणि बंगले विकून कंपनी निघून गेल्यावर दरवर्षी गाळ कोण काढणार, तुमचा बाप? हा शेवटचा प्रश्न पाटलांचा, भर सभेत विचारलेला.

पण नाली किती रुंद हवी, हे मोठ्यात मोठा पूर किती ते कळल्याशिवाय ठरत नाही. गाव म्हणे, तीसेक वर्षांपूर्वी आभाळ फाटलं होतं, पाळ जाता जाता राहिली. तालुक्याच्या पर्जन्यमापकात मात्र त्या दिवशी नुसती भुरभुर. ढग फुटला तो आमच्याच डोक्यावर, तालुका कोरडा. म्हणून कायद्यानं गाळतपासणी सांगितली, नागपूरच्या प्रयोगशाळेनं मला धाडलं, आणि मी इतक्या वर्षांनी महिनाभर बापाच्या घरी राहायला आले.

आता चुगलीन कसं वाचते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दर पावसात तलावात माती येते आणि तळाशी बसते, वर्षावर वर्ष, पोळीच्या पदरांसारखी. साधा पाऊस असेल तर बारीक चिकणमाती. आभाळ फाटलं तर पाणी धावत येतं आणि रेती-गोटे घेऊन येतं. म्हणजे रेतीच्या जाडीवरून पूर कळतो. एवढं तर कोणालाही समजेल. नवी गोष्ट पुढची. जो जीव पाण्यात उतरतो तो स्वतःचं काहीतरी मागं सोडतो, कातडीचा कण, केस, खवला. त्यातले डीएनएचे तुकडे चिकणमाती धरून ठेवते. तिथं ऊन नाही, हवा नाही, ते टिकतात. यंत्र ते वाचतं. कोणत्या साली कोणता मासा होता, म्हशी कुठं डुंबत, सांडपाणी कधीपासून यायला लागलं, सगळं.

आणि यंत्राला आणखी एक ओळख आधीच करून दिलेली असते, ती म्हणजे चालवणाऱ्याची. माझा डीएनए त्याच्या पोटात भरलेला. मी शिंकले, माझा केस पडला, तर तो गाळातला समजू नये म्हणून. थोडी मिसळ असेल तर यंत्र मला वजा करतं. जास्त निघाली तर अख्खी कांडी रद्द. नियम चांगलाच आहे, नवीन पोरांना मीच तो शिकवते.

कांडी काढायला जागा एकच उरली होती. तलावातला बाकीचा गाळ मागं सरकारी योजनेत मशिनींनी उपसून नेला होता. फक्त तुडुमाजवळचा कोपरा शाबूत. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातलं दगडी दार. ते उघडलं की पाणी पाटाला लागतं आणि धानाच्या बांध्यांत जातं. त्या कोपऱ्यात गावानं फावडं लावू दिलं नव्हतं. तिथं देव आहे म्हणत. काठावर शेंदूर फासलेला एक दगड होताही. लहानपणी मी विचारलं होतं, कोणता देव? तर माझ्या मोठ्या मायनं, म्हणजे बाबांच्या वहिनीनं, मला चापट मारली होती.

मोठ्या मायनंच मला वाढवलं. आई मी चार वर्षांची असताना एका ठेकेदाराबरोबर रायपूरकडे पळून गेली, असं गाव सांगे. मी पेरू चोरला तरी मोठी माय म्हणे, "माय तशी लेक." शाळेत पोरं म्हणत, पळपुटीची पोर. बाबा मात्र काही म्हणत नसत, ना हो ना नाही.

काठावरच्या तंबूत पहिली कांडी यंत्रात घातली. वीतभर रेतीचा थर दिसला तेव्हा मी टाळीच वाजवली. पूर खरा होता! पण यंत्र त्या थरावर येऊन थांबलं आणि आपल्या त्या गोड गळ्यानं म्हणालं, "चालकाची मिसळ आढळली. कृपया मागे सरका."

मी मागं सरकले. दुहेरी हातमोजे, टोपी, नवा मुखवटा, सगळं चढवलं. दुसरी कांडी घातली. वरचे थर स्वच्छ, खालचे थर स्वच्छ. रेतीवर आलं, की "चालकाची मिसळ आढळली. कृपया मागे सरका."

तिसऱ्या कांडीला मी हातच लावला नाही. नावाड्यानं ती काढली, त्यानंच सरकवली. मी तंबूच्या बाहेर पडले आणि पाळीवरून चालत चालत पार सांडव्यापर्यंत गेले. दुपारचं ऊन, मोहाचा वास, तंबूत चिटपाखरू नाही. कानातल्या इअरफोनमधून यंत्राचा आवाज आला, "चालकाची मिसळ आढळली. चालक फार जवळ आहे. कृपया मागे सरका."

भर उन्हात मी थंडगार पडले. तिथं मी नव्हते, आणि यंत्र म्हणत होतं की मी आहे.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. म्हणून परत जाऊन मी ते केलं जे आधीच करायला हवं होतं. यंत्राला म्हटलं, नुसतं चालक-चालक करू नकोस, नीट मोजून सांग. त्यानं मोजलं. निम्मं जुळत होतं, निम्मं नाही. फक्त आईकडूनच लेकराला मिळते अशी जी एक खूण असते, ती पूर्णपणे जुळत होती. आणि मात्रा एखाद्या आंघोळीची नव्हती. अख्खं माणूस त्या रेतीत विरघळेपर्यंत पडून राहिलं होतं.

मला बहीण नाही. मावशी नाही. मी गाळाच्या कांडीवर हात ठेवला, हातमोजा न घालता. नियम गेला चुलीत.

बाबा अंगणात लाखोरीची डाळ निवडत बसले होते. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, "बाबा, आई तुडुमापाशी आहे ना?"

त्यांचा हात सुपातच थांबला. मग म्हणाले, "त्या डब्ब्यानं सांगितलं?"

"हो."

"मला वाटलंच होतं. तू त्या कोपऱ्यात बांबू गाडला तेव्हाच." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुडूम जाम झालं होतं, माय. दारात झाडाचं खोड अडकलं. सांडव्यावरून पाणी मावत नव्हतं. पाळ हलून राहिली होती, पायाखाली कळे. आणि खाली अख्खा टोला, त्यात तू झोपलेली. दाराचं तोंड लहान, गडी माणूस मावत नव्हता. ती म्हणाली, मी जाते. नदीकाठची पोरगी, तिच्यासारखं पोहणारं गावात कोणी नव्हतं. दोर माह्या हातात होता."

"मग?"

"खोड निघालं. पाणी सुटलं, पाळ वाचली. दोर नुसताच वर आला."

मी सूप जवळ ओढलं आणि उगाच डाळ निवडायला लागले.

"आपल्या गावची रीत तुला माहीत हाय. तलावात माणूस गेलं तर तलावाला सुतक. तुडूम उघडून तळ दिसेपर्यंत सारं पाणी सोडावं लागते, नवा पाऊस येईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. लांजेवार पाटील म्हणाले, केवळराम, आभाळ एका दिवसात रिकामं झालं, आता हस्ताचा भरवसा नाही. हे पाणी सोडलं तर धान मरन, गाव मरन. दिवाळीपर्यंत गप्प राह्य. धान निघालं की सांगू, थाटात दिवस घालू तिचे."

"आणि धान निघालं?"

"निघालं." बाबा म्हणाले. "भरपूर निघालं त्या साली. तोवर पाळीवर नव्हते ते लोकच म्हणून राहिले होते की पळून गेली. मला विचारत, कुठं गेली? म्या म्हटलं, माहीत नाही. तेवढंच बोललो म्या. बाकीचं त्यांनीच जोडलं. मग कोणत्या तोंडानं सांगू?"

मला आधी राग आला, रडू फार नंतर. त्या पाण्यावर आलेला भात मी जेवले होते. सगळ्या गावानं खाल्ला होता, आणि वर हात पुसून तिला पळपुटी म्हटलं होतं.

"तू काय करशीन आता?" बाबांनी विचारलं. "मी म्हातारा झालो, पाटीलही जाईन आज ना उद्या. आम्ही गेल्यावर सांग ना, हर्षा. थोडं थांब."

"म्हणजे परत दिवाळीपर्यंत?"

मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यावा असं वाटलं नाही.

सकाळी कंपनीचा इंजिनिअर तंबूत आला. वझलवार त्याचं नाव, तिशीचा, सभ्य पोरगा. तोंडावर सुटल्याचा आनंदही होता आणि लाजही. "मॅडम, तिन्ही कांड्या रद्द दिसतायत. म्हणजे पुराचा पुरावा राहिला नाही. मग तालुक्याची नोंद धरावी लागेल, नाल्या आहेत तशाच राहतील. दुसरा सांडवाही नाही."

"पूर खरा आहे, वझलवार. रेती तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत."

"पाहिली हो. पण नियम तुमचाच आहे. ती मिसळ तुमची नाही असं तुम्ही लिहून देऊ शकता. पण मग कोणाची ते नावानिशी लिहावं लागतं, माणूस तलावातच मेलं असेल तर साक्षीदार लागतात, पोलीस येतात." तो जायला निघाला. "उद्या ग्रामसभा आहे. तुम्ही काय ते ठरवा."

तो गेल्यावर मी किती वेळ यंत्रासमोर बसले कोणास ठाऊक. गप्प बसले तर बाबा म्हातारपणी सुखानं मरतील, आणि एखाद्या पावसात पाळ फुटून खालचा टोला वाहून जाईल. आईनं ज्याच्यासाठी जीव दिला तोच टोला. बोलले तर बाबांना पोलिसांसमोर उभं करणारी लेक मीच. पूर आणि आई एकाच थरात होते. एक हवा तर दुसरीला घ्यावंच लागणार होतं, मलाही आणि गावालाही.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात मुंगीला जागा नव्हती. वझलवारनं पडद्यावर नाल्यांचे नकाशे दाखवले आणि हळूच म्हणाला, की मोठ्या पुराचा पुरावा मिळालेला नाही. झालं! लांजेवार पाटील ताडकन उठले.

"पुरावा? अरे, या डोळ्यांनी पाहिला म्या पूर! पाळीवर उभा होतो!"

"काका, आठवणीवर नाली कशी बांधू? तालुक्याच्या नोंदीत भुरभुर आहे."

"आग लाव तुह्या तालुक्याले!" सभा हसली, टाळ्या पडल्या. पाटील माझ्याकडे वळले. "सांग वो हर्षाली, तू आपल्या गावची पोर. तुह्या चुगलीनीनं काय सांगितलं ते सांग ह्याला."

त्यांना खरंच वाटत होतं की यंत्रात फक्त पाणी दिसतं. मी उठले. बाबा भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटून.

"यंत्राला पूर सापडला आहे," मी म्हणाले. पुन्हा टाळ्या. "वीतभर रेती आहे. पण त्या रेतीत एक माणूस आहे. यंत्राला वाटतं ती मी. ती मी नाही, हे सिद्ध झालं तरच पूर खरा ठरणार. पाटील, तुम्ही म्हणता पाळीवर उभा होतो. आणखी कोण कोण उभं होतं? सांगा ना. त्या दिवशी तलावात कोण उतरलं होतं?"

टाळ्या थांबल्या. पोरंसोरं एकमेकांकडे बघायला लागली, त्यांना काही कळेना. म्हाताऱ्यांना कळलं. एकेकाची मान खाली जाताना मला दिसत होती. पाटलांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि खाली बसले. मला वाटलं, संपलं. हे लोक टोला बुडवतील, पण नाव घेणार नाहीत.

"रत्नमाला."

बायकांच्या बाजूनं आवाज आला. मोठी माय उठून उभी राहिली होती, पदर तोंडाशी धरून. "माही जाऊ. रत्नमाला केवळराम गहाणे. तिच्या कमरेला दोराची गाठ म्या मारली. माह्या हातची गाठ होती ती, आणि सुटली." ती माझ्याकडे बघत होती. "अन् तेव्हापासून तिला म्या पळपुटी म्हणून राहिली. हिच्या तोंडावर म्हणून राहिली. सारखं म्हटलं, म्हणजे मलाच खरं वाटन."

"दोर माह्या हातात होता," बाबा म्हणाले. बसल्या जागेवरूनच, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

आता सगळे पाटलांकडे बघत होते. म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला, "थांब म्हटलं ते म्या. गावासाठी म्हटलं. गावासाठी म्हटलं ना रे?" कोणीच हो म्हणालं नाही. मग तो लहान पोरासारखा रडायला लागला.

वझलवार उठून त्यांच्याजवळ गेला, खाली बसला. "काका," त्यानं अगदी हळू विचारलं, "पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

आणि मग ते सांगायला लागले. इतकी वर्षं जे कोणी बोललं नव्हतं ते सगळे एकदम बोलायला लागले. पाणी कोणत्या झाडाला लागलं, पाळ कुठं खचली, ती उतरताना काय म्हणाली. वझलवार ऐकत होता. कांड्या ग्राह्य धरल्या गेल्या, ते पुढं यथावकाश झालं. तलावाकडच्या बंगल्यांची रांग नकाशातून पुसली गेली, दुसरा सांडवा आला. पोलीसही आले, बाबांना आणि पाटलांना भंडाऱ्याला फेऱ्या माराव्या लागल्या. ते व्हायचंच होतं, मला त्याची तयारी होती.

पण त्या दिवशी संध्याकाळी गावानं आधी तुडूम उघडलं. उन्हाळी धान बांध्यांत उभं होतं, त्याला अजून पाणी लागणार होतं. ढिवरांची मासळी तलावात होती. कोणी म्हणालं नाही की थोडं थांबा. पाणी पाटानं जायला लागलं, त्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येत होता.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे जेवण आणतात. आमच्याकडे टोल्यातल्या सगळ्या बायका आल्या. कोणी वरण आणलं, कोणी लाखोरीची डाळ, आणि भात तर प्रत्येकीनंच. ओसरीवर गंजांची, म्हणजे पातेल्यांची, रांग लागली. मोठ्या मायनं बाबांना वाढलं, मला वाढलं. बाबा सकाळपासून उपाशी होते, त्यांनी भातात हात घातला. मी त्यांचं मनगट धरलं.

"आधी तिला वाढा," मी म्हणाले.

मोठी माय गडबडली. तिनं एक पत्रावळ घेतली, त्यावर चिमूटभर भात ठेवला, मेलेल्या माणसासाठी काढतात तसा, आणि उठून बाहेर ठेवायला निघाली.

"घासभर नको," मी म्हणाले. "पोटभर वाढा."

ती मागं फिरली, खाली बसली आणि वाढायला लागली. एकीनं आपला गंज पुढं सरकवला, मग दुसरीनं. पत्रावळ भरली तरी त्या वाढतच राहिल्या, आणि कोणीच त्यांना पुरे म्हणालं नाही.